घरचाच आवाज

"उमे, मायला इचार, हळदीची वाटी कुठं ठिवली."

रामकिसनभाऊंनी विचारलं, आणि जिला विचारायचं ती नंदाबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर, चुलीपुढे पाटावर बसून हळदच कालवत होती! उमानं नेहमीसारखं आईकडे पाहिलं. आईनं वाटी जराशी उचलून दाखवली. "मायच्या हातातच हाये बाबा," उमा म्हणाली. "बरं," म्हणून भाऊ बाहेर मांडवात निघून गेले.

टेंभुर्णीतल्या त्या घरात हे रोजचंच होतं. उमा पहिलीत होती तेव्हापासून तिचा बाप तिच्या आईशी एक शब्द सरळ बोलला नव्हता. भांडण नाही, मारझोड नाही, माहेरी धाडणं नाही. बाजारात दोन लुगडी घेतली तर एक बहिणीला, एक बायकोला... पण तेसुद्धा, "उमे, हे मायला दे." पोर शाळेतून यायच्या आत भाऊंना चहा हवा झाला तर ते ओट्यावर बसून राहायचे, आणि नंदाबाई आतून न सांगता चहा आणून त्यांच्यापुढं ठेवायची. एवढ्यावर संसार चालला होता. आणि उद्या उमाचं लग्न होतं. उद्या संध्याकाळी ती भोकरदनला सासरी जाणार होती.

शेजारची गिरिजाबाई तोंडाची मोठी फटकळ. चार बायकांत ती म्हणून गेली होती, की आता उमा गेल्यावर ह्या नवराबायकोला मधे टेलिफोनच बसवावा लागणार. बायका हसल्या, नंदाबाईही हसली... पण ते हसू ओठांवरून उतरायच्या आत तिच्या काळजात चर्र झालं. खरंच की! उमा गेल्यावर ह्या घरात शब्द ये-जा करणार कुणाच्या पायांनी? लेक सासरी चालली म्हणून आया रडतात. नंदाबाई रडत होती ती लेकीसाठी तर होतीच, पण लेकीच्या मागं दाराला लागणाऱ्या त्या मुकेपणासाठीही रडत होती. तिला दुसरं काही नको होतं. एकदा, मरायच्या आत फक्त एकदा, ह्या माणसानं आपल्याला सरळ हाक मारावी, एवढीच तिची आस होती.

आणि ती आस पुरी व्हायला एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य दोन माणसांना माहीत होतं. एक नंदाबाईला, आणि दुसरं तिच्या दिराला, मच्छिंद्रला. नंदाबाई बोलणार नव्हती, आणि मच्छिंद्रचं तोंड तिनंच बांधून ठेवलं होतं.

नंदाबाई ह्या घरात नवरी होऊन आली तेव्हा मच्छिंद्र नाक पुसायचंही कळत नव्हतं एवढा लहान होता. सासूबाई वर्षभरात गेल्या. जाताना त्यांनी त्याचा हात सुनेच्या हातात दिला आणि डोळे मिटले. तेवढ्याशा पोराला नंदाबाई रीतीप्रमाणे 'भाऊजी' म्हणायची आणि 'भाऊजी, चड्डी घाला' म्हणून त्याच्यामागं अंगणभर धावायची. गल्ली हसायची. तो जेवायचा तिच्या हातानं, निजायचा तिच्या कुशीत, आणि झोप येईना झाली की म्हणायचा, "वहिनी, म्हण ना."

कारण नंदाबाईचा गळा! काय सांगावं त्या गळ्याचं... पंचक्रोशीत कुठंही हळद असो, नंदाबाईला बोलावणं यायचं. तिची एक रीत होती. ती नुसतं 'नवरी' म्हणून कधी गात नसे. गाण्यात त्या मुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिच्या कुळदेवाचं नाव गुंफायची, तेही तिथल्या तिथं, पाटावर बसलेल्या मुलीच्या डोळ्यांत बघत. मुलगी रडायची, मुलीची आई रडायची, आणि मांडवात पडद्याआड उभे राहिलेले बापेसुद्धा उपरण्यानं डोळे पुसून कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघायचे.

मच्छिंद्र मोठा झाला आणि त्यानं बसस्टँडवर दुकान टाकलं. दोन कप्प्यांचा टेप. एका कप्प्यात भरलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी. बटण दाबलं की गाणी इकडून तिकडं. गिऱ्हाईक सांगेल ती गाणी भरून द्यायची. तेव्हा सगळीकडे हेच चालायचं. सिनेमातली गाणी असोत, कीर्तन असो की भारूड, कुणाचं आहे आणि कुणाला विचारलं, असला प्रश्न टेंभुर्णीत कुणाच्या डोक्यातही येत नसे. त्यानं एक दिवस वहिनीची हळदीची गाणी भरली. बघता बघता त्या कॅसेटी जाफराबाद, भोकरदन, पार देऊळगावपर्यंत गेल्या.

ते ऐकून औरंगाबादच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस घरी आला. बद्रीनाथ त्याचं नाव. बोलायला गोड, पण कामात पक्का. नंदाबाईची गाणी कंपनी काढणार, वर तिचा फोटो छापणार, पण एक अट. यापुढं ह्या गाण्यांची नक्कल दुसऱ्या कुणीही भरायची नाही. घरच्यांनी तर मुळीच नाही. कायदा आहे त्याचा, नक्कल ही चोरीच.

आता रामकिसनभाऊ म्हणजे कोण? गावात जमिनीचा व्यवहार असो, सोयरीक असो, साक्षीला भाऊ हवेत. कागद नसला तरी चालेल, भाऊ हवेत. त्यांनी उपरणं सावरलं आणि बद्रीनाथला सांगितलं, "ह्या घरातून एकबी नक्कल बाहेर जाणार न्हाई. माझा शब्द हाये." झालं. नंदाबाईनं सही केली, मच्छिंद्रनं मान डोलावली, आणि एकोणनव्वद सालच्या लग्नसराईत नंदाबाईची कॅसेट बाजारात आली. भाऊंनी ती स्वतः जालन्याहून आणली. फोटो बघून ते बायकोला म्हणाले होते, "नंदे, पदर तर नीट घ्यायचा होता." त्यांना कौतुक असंच करता यायचं. तिला ते पुरेपूर कळायचं.

पण कंपनीच्या कॅसेटी यायच्या जालन्यापर्यंत. टेंभुर्णीच्या बसस्टँडवर रोज कुणीतरी यायचं आणि मच्छिंद्रला म्हणायचं, अरे, तुझ्या वहिनीची कॅसेट तुझ्याच दुकानात न्हाई? त्याला ते लागायचं. ज्या आवाजानं आपल्याला झोपवलं तो आवाज आपण द्यायचा नाही, आणि औरंगाबादच्या माणसानं द्यायचा, हे त्याच्या गळी उतरेना. त्यानं कंपनीचीच कॅसेट एका कप्प्यात घातली आणि दुसऱ्या कप्प्यात कोरी. मग दुसरी. मग तिसरी... आपल्याच घरचा आवाज, त्याची चोरी कशी होईल? पोरानं एवढाच विचार केला. बघा, किती भाबडी चूक! पण ह्या चुकीनं घराचं काय झालं ते सांगते.

त्याच दिवसांत एका दुपारी तो नवा माइक घेऊन घरी आला. भाऊ शेतात होते. वहिनीला म्हणाला, काहीतरी म्हण, माइक कसा आहे ते बघू. ती म्हणाली, मी आता टेपवर म्हणायची नाही, शब्द दिलाय. तो म्हणाला, अगं विकायला नाही. आपल्या उमासाठी. तिच्या लग्नात वाजवू. उमा तेव्हा तिच्या मांडीवर बसून शेंगा खात होती. एवढीशी नवरी बघून नंदाबाईला हसू फुटलं, आणि तिनं म्हटलं. मनापासून म्हटलं. गाणं झालं आणि तिचं लक्ष मच्छिंद्रच्या पिशवीकडं गेलं. पिशवीत कॅसेटीच कॅसेटी, आणि सगळ्यांवर हातानं लिहिलेलं तिचं नाव. ती त्याला खूप रागावली. त्यानं कान धरले, आता बंद करतो म्हणाला. तिला वाटलं, पोर आहे, ऐकेल, कशाला नवऱ्याच्या कानावर घालायचं. इथं तीही चुकली. मायेनं चुकली.

बंद करायच्या आतच जीप आली. बसस्टँडवरच्या दुकानातून मच्छिंद्रला आणि खोकी उचलून पोलीस घरी आले, सोबत बद्रीनाथ. आणि दैव बघा, नेमके त्याच वेळी केदारखेड्याचे काकासाहेब ओट्यावर चहा घेत बसले होते. काकासाहेब म्हणजे मच्छिंद्रचे होणारे सासरे. त्यांच्या उषाशी त्याचा साखरपुडा झालेला, लग्नाचा बस्ता ठरवायला आलेले. ओट्यावर खोकी रिकामी झाली. कॅसेटींचा ढीग पडला. भाऊंचा चेहरा पांढरा पडला.

बद्रीनाथनं शांतपणे सांगितलं, की हा पोरगा आज जेलमध्ये जाईल. बाईंनी स्वतःच परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी, मग कंपनी बाईंशी करार मोडेल आणि विषय संपेल. एवढं बोलून तो थांबला. काकासाहेबांनी कप खाली ठेवला. मच्छिंद्र पोलिसांमधे उभा होता, आणि नंदाबाईला त्याच्या जागी चड्डी न घालता अंगणात पळणारं ते पोर दिसलं, सासूबाईंनी हातात दिलेला तो चिमुकला हात आठवला...

डोक्यावरचा पदर सावरून ती पुढं आली. "मीच सांगितलं भाऊजींना," ती म्हणाली. "माझं गाणं हाये, मला वाटलं भरलं तर काय झालं. त्यांचा काही दोष न्हाई."

मच्छिंद्रनं तोंड उघडलं, पण पाणी देण्याच्या निमित्तानं नंदाबाईनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं. उमा तिथंच होती. नंदाबाईनं त्याचा हात पकडून पोरीच्या डोक्यावर ठेवला. "खऱ्यातलं एक अक्षर जरी तोंडातून काढलंत, भाऊजी, तर तुम्हाला उमाची आण हाये." उमाची आण! ती मोडली तर पोरीच्या जिवाला काय होईल, ह्या विचारानंच त्याची जीभ टाळ्याला चिकटली. आपल्याकडं आण ही गोष्ट काय असते, ते वेगळं सांगायला नको. ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, किंवा मग ज्याच्या नावानं घातली त्यानं सोडावी लागते. आणि ती पोर तर पहिलीत होती.

जीप गेली, करार मोडला, सोयरीक टिकली. पण भाऊ उन्हात उभेच होते. तिथून त्यांनी बायकोकडं पाहिलं, आणि ते पाहणं नंदाबाई जन्मात विसरली नाही. राग नव्हता त्यात... राग परवडला असता! जन्मभर जो शब्द जपला तो घरातल्याच माणसानं मोडला, ह्याचा अचंबा होता नुसता. ते म्हणाले, "उमे, मायला सांग. मला भाकर नको." तो पहिला निरोप.

पुढं कुणी भाऊंना साक्षीला बोलावीनासं झालं. तोंडावर कुणी काही म्हणत नसे, पण बोलावणं थांबलं. नंदाबाईनं एकदा चुलीपुढं नकळत एक ओळ गुणगुणली, तेव्हा भाऊ भरल्या ताटावरून उठले. त्या दिवसानंतर तिनं गाणं सोडलं. हळदीची बोलावणी आली तर घसा बसलाय म्हणायची. आणि देवाला तिचं हे खोटं फारच मनावर घ्यावंसं वाटलं असावं. काही वर्षांनी तिच्या गळ्याला गाठ आली. जालन्याच्या दवाखान्यात ती काढली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, जीव वाचेल, आवाजाचं सांगवत नाही. जीव वाचला. आवाज राहिला तो असा, फाटक्या सुपातून धान्य गळावं तसा. दवाखान्यात भाऊ रोज यायचे, फळं आणायचे, आणि फळं उमाजवळ द्यायचे.

आणि मच्छिंद्र? तो लग्नानंतर लांब शहागडला गेला. हायवेवर, ट्रकवाल्यांच्या ढाब्याजवळ दुकान घातलं. पुढं कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, तोही बदलला. पण घरी यायचं म्हटलं की त्याचे पाय जड व्हायचे. कारण भाऊ त्याच्याशी फार मायेनं बोलायचे. "तुझ्या वहिनीच्या पायी तुला भोगावं लागलं रं," असं ते म्हणायचे, आणि मच्छिंद्रला घास गिळवत नसे. जाताना तो एकट्या वहिनीला गाठून हात जोडायचा. "वहिनी, आता तरी सुटली म्हण." ती मान हलवायची. उषा काय म्हणेल, लेकरं काय म्हणतील, तुमचा संसार मांडलाय भाऊजी, माझं काय जायचं राहिलंय? असं म्हणून ती त्याच्या हातात खायचा डबा ठेवायची.

तर असा तो हळदीचा दिवस. दुपार कलायच्या आत भोकरदनहून नवरदेवाची उष्टी हळद आली. उमाला पाटावर बसवलं. बायका जमल्या, पण गाणार कोण? तरण्या पोरींना जुनी गाणी येत नव्हती, आणि जिला येत होती तिला गळा नव्हता. साउंडवाल्यानं सिनेमाची गाणी लावली. नंदाबाई खांबाला टेकून उभी राहिली. अख्ख्या मुलखाच्या लेकी तिच्या आवाजात न्हाल्या, आणि स्वतःची एकुलती एक लेक परक्या गाण्यावर हळद लावून घेत होती... तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

एवढ्यात मच्छिंद्र मांडवात शिरला. कानांपाशी केस पांढरे झालेले. काखेत तोच जुना दोन कप्प्यांचा टेप. साउंडवाल्याला त्यानं थांबायला सांगितलं. कॅसेट लावायचं मशीन आता कुणाकडं उरलंय, म्हणून घरूनच उचलून आणलं, असं तो उमाला म्हणाला, आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. तिच्या पाठीवरची बारकी पट्टी मोडलेली होती. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा दुसरं काही भरता येत नाही, आधीचं पुसत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकला भरणाऱ्या ह्या माणसानं तेवढी एक कॅसेट कुणाला हात लावू दिली नव्हती.

"उमा, तुझ्या मायनं तुझ्यासाठी म्हणून ठिवलंय," तो म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.

आधी खरखर. मग एक पोर खुदकन हसली. आणि मग... मांडवात तो आवाज उभा राहिला!

*हळदीच्या वाटीला गं, सोन्याचा रंग आला*
*उमा माझी नवरी, अंगणी चंद्र न्हाला*

म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर काटा आला. गिरिजाबाईचा हात उमाच्या गालापाशी हवेतच राहिला. उमाला तर तो आवाज ऐकून किती वर्षं झाली होती! तिला आठवत होता तो स्वप्नात ऐकल्यासारखा. तिनं आईकडं पाहिलं. आईचे ओठ हलत होते, आवाज न करता, त्या दुसऱ्या, तरुण, भरल्या गळ्याच्या बाईबरोबर.

*उमाच्या बापाचा गं, शब्द दगडाची रेघ*
*लेकीच्या मांडवाला, नका येऊ काळे मेघ*

भाऊ मांडवाच्या दारात पाहुण्यांशी बोलत होते. ते बोलायचे थांबले. त्यांनी पाठ फिरवली नाही, पण वळूनही पाहिलं नाही. तसेच उभे राहिले, हात खांबावर.

गाणं संपलं. बायका डोळे पुसायला लागल्या. मच्छिंद्रनं मात्र टेप बंद केला नाही, आणि तेवढ्यात नंदाबाईला आठवलं, की त्या दुपारी गाण्यानंतर काय झालं होतं. माइक तर चालूच होता! ती धावली. बटणाकडं हात नेला. मच्छिंद्रनं बटणांवर आपला पंजा ठेवला.

"राहू दे वहिनी," तो हळूच म्हणाला. "मी कुठं काय बोलून राह्यलो? तूच बोलून राह्यलीस."

आणि टेपमधली नंदाबाई बोलली. स्पष्ट, खणखणीत. "भाऊजी, ह्या पिशवीत काय हाये? माझं नाव लिवलंय हे... कंपनीची कॅसेट भरून विकून राह्यले का तुम्ही? मला न इचारता? अहो, उमाच्या बाबांनी शब्द दिलाय त्या माणसाला! आजच्या आज बंद करा हे. माझं गाणं कुणी ऐकलं न्हाई तरी चालंल, पण माझ्या गाण्यापायी त्यांची मान खाली गेलेली मला चालायची न्हाई." मग मच्छिंद्रचा कोवळा, ओशाळलेला आवाज. "चुकलं वहिनी. बंद करतो." मग शेंगा सांडल्याचा आवाज, उमाचं रडू, आणि खट्.

भाऊ वळले. सावकाश चालत टेपपाशी आले आणि भावाकडं बघत राहिले. "काय हाये रं हे?" त्यांनी विचारलं. त्यानं उमाकडं पाहिलं, आणि मान खाली घातली. आजसुद्धा, हळदीच्या पाटावर बसलेल्या त्या पोरीची आण मोडायची त्याची छाती झाली नाही.

उमाला तेव्हा सगळं उमगलं. लहानपणी एकदा काकाचा गार हात डोक्यावर होता, माय काहीतरी बोलत होती, ते तिला नुसतं आठवायचं, अर्थ लागायचा नाही. आज लागला. ती पाटावरून उठली, हळदीनं माखलेला हात काकाच्या हातावर ठेवला. "काका, माझी आण ना? सुटली. मी म्हणते, सुटली."

मग मच्छिंद्र बोलला, आणि बोलताना भावाच्या पायाशी बसला. "दादा, मी भरल्या. वहिनीनं जीप आल्यावर माझ्यासाठी अंगावर घेतलं. आपल्याच घरचा आवाज, त्याची चोरी कशी, असं वाटलं मला. आन् मी चोरला तो तिचा आवाज न्हाई दादा... मी तिचं सारं आयुष्यच चोरलं."

बायकांत बसलेली उषा रडत होती. काकासाहेब असते तर काय म्हणाले असते कोण जाणे, ते गेल्याला बरीच वर्षं झाली होती. भाऊंनी धाकट्याला मारलं नाही, उठवलंही नाही. ते खांबापाशी गेले, जिथं नंदाबाई मागं सरून, भिंतीत शिरावंसं वाटून अंग चोरून उभी होती. तिच्यापुढं उभे राहिले. एवढ्या वर्षांची सवय, ती जीभ तरी कशी वळावी? त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "उमे, मायला सांग..."

आणि थांबले.

उमा रडत रडत म्हणाली, "न्हाई बाबा. मी न्हाई सांगणार. उद्या मी जाणार. तुमचं तुम्हीच सांगा."

सगळा मांडव त्या एका माणसाकडं बघत होता. भाऊंनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं. "नंदे," ते म्हणाले. ते नाव एवढ्या वर्षांनी त्यांच्या तोंडून आलं, आणि नंदाबाई खांबाला धरून खाली बसली. तेही बसले, तिथंच, मातीत, नव्या धोतरानिशी. "मला इचारायचं तर होतं... मी तुला कधी इचारलंच न्हाई. तू का केलं म्हणून एकदाबी न्हाई. दुसऱ्यांच्या साक्षी काढत फिरलो, आन् घरातली साक्ष..."

"जाऊ द्या," नंदाबाई म्हणाली. तो फाटका, गळका आवाज. गिरिजाबाईलाही तो ऐकू गेला नाही. भाऊंना मात्र गेला, कारण ते इतके जवळ होते.

"म्हण ना एकदा," ते म्हणाले. "ते माझ्या शब्दाचं."

तिनं मान हलवली. आता नाही येत, अशा अर्थानं. तरी तिनं तोंड उघडलं, पहिली ओळ घेतली, आणि 'बापाचा' ह्या शब्दावर आवाज तुटला तो तुटलाच. भाऊ हुंदके देऊन रडले. जन्मात कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा गिरिजाबाईनं, त्या फटकळ बाईनं, उमाला पुन्हा पाटावर बसवलं आणि आपल्या भसाड्या गळ्यानं ती ओळ पुढं नेली, आणि एकेक करून साऱ्या बायका त्यात मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उमा गेली. जाताना मच्छिंद्रनं ती कॅसेट तिच्या ओटीत घातली. भाऊ जीपपाशी उभे होते. त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यभर जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "ही उमाला राहू दे. ती जायच्या आत मला एक नक्कल भरून दे."

पाहुणे पांगले. मांडव रिकामा झाला. ओट्यावर भाऊ एकटे बसले होते, आणि सवयीनं त्यांनी हाक दिली, "उमे..." मग ती गेल्याचं आठवलं. "नंदे," ते म्हणाले. "पाणी दे गं जरा."

आतून तिनं 'आणते' म्हटलं. पण तो आवाज आता ओट्यापर्यंत पोचत नव्हता. भाऊंनी पुन्हा हाक मारली, कान देऊन वाट पाहिली, आणि मग ते उठले. घरात गेले, चुलीपुढं तिच्या शेजारी पाट ओढून बसले, आणि ती काय म्हणाली ते ऐकायला जरा खाली वाकले.